चौदा नंबरचा प्रस्ताव

पोस्टरवर भावनाचं नाव अकरा मिलिमीटर उंच होतं आणि विनिताचं नऊ.

विनिताने ते पट्टीने मोजलं. नुसत्या नजरेला फरक जाणवला तेव्हा तिने आधी स्वतःची समजूत घातली होती, की कागद हातात तिरका धरला की खालची ओळ लहान दिसतेच. मग तिने पोस्टर जेवणाच्या टेबलावर सपाट पसरलं, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या आणि शिरोरेषेपासून पायापर्यंत ‘भ’ मोजला. मग ‘व’ मोजला. तीनदा. तिन्ही वेळा दोन मिलिमीटर.

“किती मार्क पडले पोस्टरला?” चारुदत्तने सोफ्यावरून विचारलं. तो तिचा नवरा. बँकेतल्या नोकरीत त्याचं सगळं आयुष्य आकड्यांत गेलं होतं, म्हणून घरी आकडे दिसले की तो थट्टेवर यायचा.

“अक्षरं एकसारखी नाहीत,” ती म्हणाली.

“कुणाची लहान आहेत?”

वाट्या उचलून विनिताने पोस्टरची गुंडाळी केली. शैलेशला फोन लावला तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता. अक्षरांचा आकार बघून घ्या, एवढंच ती म्हणाली.

“नाव लहान होतं मॅडम, ओळीत जागा उरली म्हणून जरा ताणलं,” शैलेश म्हणाला. “आणि भावनाचं आधी घेतलं कारण वर्णानुक्रम. ‘भ’ आधी, ‘व’ नंतर. तुम्हीच तर सांगता, नियम म्हणजे नियम.”

शैलेश द्रोणागिरीच्या एका गोदामात नेटवर्कचं काम बघायचा आणि पनवेलच्या मुक्त सॉफ्टवेअर मेळाव्याची अर्धी धावपळ त्याच्या अंगावर असायची. मेळाव्याचं हे पाचवं वर्ष. फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार, खांदा कॉलनीतल्या कॉलेजचं सभागृह, तीनशे खुर्च्या. भाषणांचे प्रस्ताव मागवणाऱ्या त्या पहिल्या पोस्टरवर आपल्या भागात तयार झालेलं काम म्हणून ‘भरती’चं चित्र होतं, आणि चित्राखाली ही दोन नावं.

‘भरती’ विनिताची होती. म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर कुणाचं नसतं, हे वाक्य तिने स्वतःच शेकडो वेळा उच्चारलेलं होतं. पण अकरा वर्षांपूर्वी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवता शिकवता, चंद्र-सूर्याच्या ओढीचं गणित मांडून, भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारा तो प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून लिहिला होता तो तिनेच. तो फुकट होता, उघडा होता, आणि पहिल्या आठ वर्षांत तो वापरणारे तीनशे चाळीस लोक झाले होते. त्यातले बरेचसे तिचे विद्यार्थी.

मग दुसऱ्या मेळाव्यात एक मुलगी तिच्या टेबलाशी आली होती. गळ्यात जासईच्या कंटेनर यार्डाचं ओळखपत्र, हातात फोन.

“मॅडम, हे चुकतंय.”

“कुठे?”

“आमच्या धक्क्यावर. पाऊण तासाने.”

विनिताने तिला सगळं समजावून सांगितलं होतं. बंदरातली मोजमापं कुठून येतात, स्थिरांक कसे काढतात, चूक किती असू शकते. मुलीने मध्ये न तोडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ते बरोबर असेल. पण पाणी पाऊण तास उशिरा येतं.”

घरी येऊन विनिताने गणित पुन्हा तपासलं. गणित बरोबर होतं. पुढच्या रविवारी ती उरणला गेली आणि त्या मुलीबरोबर, भावना नाखवाबरोबर, आतल्या खाडीतल्या धक्क्यावर घड्याळ घेऊन बसली. पाणी अठ्ठेचाळीस मिनिटं उशिरा आलं.

त्यानंतर दोन वर्षं दर रविवारी भावना विनिताच्या घरी येऊन प्रोग्रॅमिंग शिकली. येताना चारुदत्तसाठी सुके बोंबील आणायची, कारण सोहोन्यांच्या त्या घरात मासे खाणारा तो एकटा. विनिताने इतक्या वेगाने शिकणारी विद्यार्थिनी बावीस वर्षांत पाहिली नव्हती, आणि ते तिने त्या काळात सगळ्यांना अभिमानाने सांगितलंही होतं. भावनाने अकरा धक्क्यांवरच्या बायकांना काठीवर रंगाच्या रेघा मारायला, पाण्याची वेळ वहीत टिपायला लावलं. प्रत्येक खाडीचा उशीर वेगळा काढला. वापरणारे तीनशे चाळीस होते ते एकोणीस हजार झाले.

अभिमान नेमका कधी आंबट झाला, हे विनिताला सांगता आलं असतं. तारखेसकट. एकदा उरणच्या मोरा बंदराला जाताना रिक्षावाल्याच्या फोनवर तिने ‘भरती’ उघडलेली पाहिली. “हे कुठलं?” तिने मुद्दाम विचारलं. “हे? भावनाची भरती,” तो म्हणाला. “नाखवांची पोर हाय, तिनं बनवलंय.” विनिता हसली, छान आहे म्हणाली, आणि उतरताना पाकीट सीटवरच विसरली.

मुक्त सॉफ्टवेअरची रीत अशी, की प्रोग्रॅम सगळ्यांना उघडा असतो. कोणीही दुरुस्ती लिहून पाठवावी. पण ती दुरुस्ती मूळ प्रोग्रॅममध्ये चढवायची की नाही, हे ज्याच्याकडे किल्ली असते तो ठरवतो. ‘भरती’ची किल्ली एकट्या विनिताकडे होती. चौदा महिन्यांपूर्वी भावनाने लिहिलं होतं: ‘मॅडम, मला पण चढवायचा अधिकार द्याल का? तुमचा वेळ वाचेल.’ विनिताने उत्तर दिलं, बघू. मग परीक्षा झाल्या की बघू. मग मेळावा होऊन जाऊ दे. तो मेळावा झाला, वर्ष उलटलं, दुसरा आला. भावनाने पुन्हा विचारलं नाही. ती दुरुस्त्या पाठवत राहिली, आणि विनिता त्या परत पाठवत राहिली. नोंदी कमी आहेत. फाइलचं नाव नियमाप्रमाणे नाही. टिप्पणीत स्वल्पविराम हवा. प्रत्येक आक्षेप खरा होता. खोटा आक्षेप विनिताने जन्मात घेतला नसता.

प्रस्ताव निवडायचे ते नाव झाकून. हा नियमही विनिताचाच. दुसऱ्या वर्षानंतर कुरकुर झाली होती, की पुण्या-मुंबईच्या मोठ्या नावांनाच बोलायला मिळतं. तेव्हा तिने सुचवलं, की शैलेशने आलेल्या प्रस्तावांवरची नावं काढावीत, नंबर घालावेत, आणि तिघांनी दहापैकी मार्क द्यावेत: विनिता, शैलेश आणि कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारी, पूर्वी नावाची प्राध्यापिका. शैलेशने मार्क देताना नावं आठवायची नाहीत, अशी एक पुस्तीही त्याला जोडलेली होती. ती त्याने पाळली असावी, कारण तो सगळ्यांनाच आठ देत असे.

यंदा सव्वीस प्रस्ताव आले. जागा सात. ज्याला सर्वांत जास्त मार्क, त्याचं सकाळचं मुख्य भाषण, चाळीस मिनिटांचं.

विनिताने सगळे छापून घेतले आणि लाल पेन घेऊन बसली. चौदा नंबरचा प्रस्ताव उघडला आणि पहिल्या ओळीतच तिला कळलं.

‘आमच्या खाडीत पानी कदी येतं ते आमी कसं लिवतो त्याबद्दल सांगनार. काठीवर रेघा हायत. लाल रेघ बुडली का होडी आत घ्यायची. आमी तीन वर्सं लिवतोय. पहिलं कोनी इचारत नव्हतं, आता सगले इचारतात.’

भावना. दुसरं कोण असणार? विनिताने पान खाली ठेवलं. भावनाला शुद्ध मराठी लिहिता येत होतं, बी.कॉम. झालेली मुलगी, यार्डात दिवसभर पत्रं लिहायची. गडबडीत निरोप पाठवताना तेवढं ‘आमी’ यायचं. आणि इथे हे असं सगळं, मुद्दाम, ओळीओळीत. परीक्षकांना धक्क्याचा वास यावा म्हणून. विनिताला वाटलं, ही मुलगी आता स्वतःच्या गावाचंही प्रदर्शन मांडायला लागली. आणि हे लोकांना आवडणार. पूर्वी विरघळणार, शैलेश आठ देणार, आणि सभागृहातले तीनशे लोक उभे राहून टाळ्या वाजवणार.

तिने तीन मार्क दिले. खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘पद्धत अस्पष्ट. नमुना संख्या दिलेली नाही. त्रुटीचा अंदाज नाही.’ प्रत्येक आक्षेप खरा होता.

एकोणीस नंबर वाचताना तिचा हात थांबला. विषय असा होता: प्रोग्रॅमला जे माहीत नाही, ते त्याने कबूल करावं का? लिहिणाऱ्याचं म्हणणं, की यंत्राने ‘दहा बेचाळीस’ असं छातीठोक सांगू नये. ‘साडेदहा ते अकरा’ सांगावं, आणि का ते सांगावं, कारण चुकीच्या नेमकेपणावर माणूस जास्त विश्वास ठेवतो. भाषा स्वच्छ, वाक्यं लहान, उदाहरणं हवामानाची आणि दवाखान्यातल्या तपासण्यांची. कुठेही मिरवणं नाही. पुण्याचा कोणी संशोधक असेल, विनिताने ठरवलं, पस्तिशीचा, अबोल. तिला मनापासून आनंद झाला. असा एक माणूस ‘भरती’ला मिळाला असता तर तिने त्याला आल्या पावली किल्ली दिली असती. साडेनऊ मार्क. शेरा: ‘हे या मेळाव्यातलं सर्वांत प्रामाणिक भाषण होईल.’

शनिवारी दुपारी तिघं पूर्वीच्या प्रयोगशाळेत जमले. पूर्वीने वहीवर बेरजा मांडल्या. एकोणीस नंबर पहिला आला. चौदा नंबर आठवा, सातव्यापेक्षा दीड मार्काने कमी.

“मॅडम, तीन जरा कंजूसपणा झाला,” शैलेश म्हणाला. “मी आठ दिलेत.”

“तू सगळ्यांनाच आठ देतोस,” पूर्वी म्हणाली. “पण मीही आठ दिलेत याला. गोड आहे.”

“गोड हा निकष कधीपासून झाला?” विनिताने विचारलं. “किती नोंदी घेतल्या, ते कुठे लिहिलंय? चूक किती, ते कुठे लिहिलंय?”

पूर्वीने वही मिटली. विनिताने मोजमापाचा मुद्दा काढला की मेळाव्यात सगळेच माघार घेत.

“बरं, नावं उघडतो,” शैलेशने लॅपटॉप स्वतःकडे वळवला. “मुख्य भाषण, एकोणीस नंबर…” आणि तो हसायला लागला. “घ्या. घरचंच माणूस. भावना नाखवा.”

पूर्वीने टाळी वाजवली. “मॅडम, तुमची शिष्या. आणि साडेनऊ तुमचेच.”

विनिताने पेनाचं टोपण लावलं. “आणि चौदा?”

“तो बाद झाला ना.”

“नाव वाच.”

“मैना. आडनाव नाही टाकलेलं. गाव… भावनाच्याच बाजूचं दिसतंय. वर लिहिलंय, फोनला बोलून लिवलं हाय, चुकी माफ.”

मैना कोण, हे विनिताला माहीत होतं. भावनाची आत्या. आतल्या खाडीतल्या धक्क्यावर काठी रोवणारी पहिली बाई. दर महिन्याला येणाऱ्या नोंदींत सर्वांत नियमित नोंदी तिच्या असत. विनिताने तिला कधी पाहिलं मात्र नव्हतं.

यादी संध्याकाळी जाहीर व्हायची होती. तोवर मार्क बदलता येत होते, तसा नियम होता आणि तोही विनितानेच घातलेला. ‘माझे तीन पुन्हा बघते’ एवढं म्हणायला चार शब्द लागले असते. पण मग पूर्वीने विचारलं असतं, का? आणि त्या ‘का’चं उत्तर विनिताने अजून स्वतःलाही धड दिलेलं नव्हतं. तिने पर्स उचलली.

“वक्त्यांसाठी पोपटी लावायची म्हणतोय,” शैलेश सांगत होता. “आपटा गावी, नदीकाठी. मडक्यात भाजायला वालाच्या शेंगा अजून मिळतात.”

“लावा,” विनिता म्हणाली, आणि यादी तशीच गेली.

घरी चारुदत्तने विचारलं, “मग? कोणाचं पहिलं?”

“भावनाचं.”

“वा. म्हणजे बोंबील नक्की.” मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून तो म्हणाला, “विनू, तुला वाईट वाटलंय का?”

“मला का वाईट वाटेल? मीच तिला साडेनऊ दिलेत.”

“तेच विचारतोय,” चारुदत्त म्हणाला.

मेळाव्याच्या सकाळी विनिता नोंदणीच्या टेबलावर होती. वेळ सांभाळायचं कामही तिच्याकडेच; टेबलावरची पितळी घंटा आणि तिचं घड्याळ यांच्यापुढे पाच वर्षांत कोणाही वक्त्याचं चाललं नव्हतं. नऊ वाजून दहा मिनिटांनी भावना आली. तिच्याबरोबर पन्नाशीची एक काटक बाई होती, हातात कापडी पिशवी, पिशवीत वह्यांचा गठ्ठा.

“मॅडम, ही मैनाआत्या,” भावना म्हणाली. “माझ्या चाळीस मिनिटांतली वीस हिला देतेय.”

“कार्यक्रमपत्रिकेत तसं नाही.”

“माझीच मिनिटं आहेत ना? तुम्ही चाळीसला घंटा मारा. मध्ये कोण बोललं त्याने तुमच्या घड्याळाला काय फरक पडतो?”

मैना त्या दोघींकडे बघून हसली. “बाई, तुमचं नाव रोज घेतो आमी,” ती विनिताला म्हणाली. “फोन उघडला का खाली बारीक अक्षरात तुमचं नाव येतं. सोहोनी.”

बारीक अक्षरात. विनिताने तिचं ओळखपत्र लिहून दिलं. पूर्वी मैनाला चहाकडे घेऊन गेली. भावना तिथेच उभी राहिली.

“मॅडम, एक विचारू? चौदाला तीन तुम्ही दिले ना?”

मार्क आणि शेरे पाठवताना परीक्षकांची नावं नसत. पण ‘नमुना संख्या’ हा शब्द भावनाने ज्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पहिल्यांदा ऐकला होता, ते टेबल विनिताचं होतं.

“हो,” विनिता म्हणाली.

“माझा वाटला म्हणून?”

विनिताने ओळखपत्रांच्या दोऱ्या सरळ केल्या. सहा दोऱ्या होत्या. सहाही सरळ झाल्या.

“मला दोन रात्री झोप नव्हती,” भावना म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण बोली तेवढी घरची झाली. “आत्या रडली नाय, काय नाय. म्हनाली, शिकल्यालं मानूस बरोबरच सांगत आसेल. ते मला जास्त लागलं. माझ्यावर राग असेल तर मला तीन द्या ना. मला सवय हाय आता. नऊ आठवडे स्वल्पविराम शोधतेय मी.”

“कसले नऊ आठवडे?”

“बघा म्हंजे,” भावना म्हणाली, आणि आत गेली.

सभागृह भरलं होतं. विनिता पहिल्या रांगेच्या टोकाला घंटा मांडीवर घेऊन बसली. भावना बोलायला उभी राहिली आणि विनिताच्या मनात जे आलं ते असं, की हिचा आवाज माइकशिवायही पोचला असता. स्वतः विनिताला बावीस वर्षांत शेवटच्या बाकापर्यंत पोचायला खडू आपटावा लागत होता. भावना सरळ बोलत होती. प्रोग्रॅमने आपलं अज्ञान कसं सांगावं, हे ती हवामानाच्या उदाहरणावरून ‘भरती’वर आणत होती. त्यातलं निम्मं शिकवलेलं विनिताचं होतं. निम्मं नव्हतं. विनिता ओळीओळीला मनात खुणा करत होती: हे माझं, हे माझं, हे हिचं. हे हिचं. हेही हिचं. एका ठिकाणी भावना म्हणाली, “हे मला सोहोनी मॅडमनी शिकवलं,” आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या भावनाच्या वाक्याला होत्या.

बरोबर विसाव्या मिनिटाला भावनाने माइक आत्याच्या हातात दिला. हे औदार्यसुद्धा हिलाच सुचावं, हे विनिताला सहन होईना.

मैनाने माइक आधी हनुवटीला लावला, मग लांब धरला.

“मला कागद आलता. नमुना संख्या दिली नाय म्हनून. मला काय समजला नाय. भावनानं सांगितलं, किती येला लिवलं ते इचारतायत. तर ऐका.” तिने पिशवीतून वह्या काढून टेबलावर ठेवल्या. “दोन हजार एकशे सहा. मधी माझं आपरेशन झालं तेवा सतरा दिवस चुकलं, ते मी मोजलं नाय. दुसरं इचारलंय, चूक किती. तर घड्याल पाच मिन्टं हिकडंतिकडं. काठी दोन बोटं हिकडंतिकडं, लाटा आसल्या तर चार बोटं. पावसात मी लिवते पन त्याच्यापुडं फुली मारते, म्हंजे खात्री नाय.”

सभागृहात हसू उसळलं, प्रेमाचं. विनिता हसली नाही. तिने बारावीच्या प्रयोगवह्यांची कितीतरी वर्षं तपासणी केली होती, आणि इतका चोख त्रुटीचा अंदाज तिला एकाही वहीत सापडला नव्हता.

“आता दुसरी गोस्ट,” मैना म्हणाली. “खाडीच्या तोंडाशी साचलेला गाल, चिकल काढला दिवालीआधी. तवापासून पानी लवकर येतंय. अर्धा तास. मी लिवून दिलं, भावनानं दुरुस्त करून वर पाठवलं. पन फोनवर जुनीच येल. माझा दीर फोन बघून होडी आत घेतो. म्हनाला, अजून पानी चढतंय, निवांत उतरवू माल. पानी कवाच फिरलं होतं. होडी बसली चिकलात. बारा तास. दुसऱ्या भरतीला सुटली. मासली वाचली, मानूस वाचला, काय नाय झालं तसं. पन गावात हसं झालं नि शिव्या मला. कारन काठी माझी.”

तिने वहीवर हात ठेवला. “येल चुकली तर काठीवाल्या बाईनं काय करायचं, ते मला इचारायचं होतं. त्याच्यासाठी आले.”

विनिताला सगळं आठवत होतं. आतली खाडी, अर्ध्या तासाची दुरुस्ती. आलेली डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. तिने पहिल्यांदा आणखी तीस नोंदी मागितल्या. ते योग्य होतं. त्या आठ दिवसांत आल्या. मग तिने फाइलचं नाव बदलायला सांगितलं. मग टिप्पणीतला स्वल्पविराम. मग तिने काहीच सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं उरलं नव्हतं, आणि दुरुस्ती तशीच राहिली. कोणाची होडी अडकेल, हे तिच्या डोक्यातही नव्हतं. तिच्या डोक्यात रिक्षावाला होता.

पूर्वीने प्रश्नांना सुरुवात केली. मागच्या रांगेतला एक दाढीवाला उभा राहिला, पुण्याच्या मंडळींतला.

“दुरुस्ती तयार होती, नोंदी होत्या, तर नऊ आठवडे चढली का नाही? कोणाकडे अडकली होती?”

विनिताचं नाव प्रत्येक फोनवर बारीक अक्षरात होतं. सभागृहातल्या निम्म्या लोकांना उत्तर ठाऊक होतं. भावनाने पहिल्या रांगेकडे पाहिलं नाही.

“तपासणी चालू होती,” ती म्हणाली.

“तपासणीला इतका वेळ लागत असेल तर वेगळी प्रत काढा ना स्वतःची. लायसन्सच तशी मुभा देतं, कोण अडवणार? लोक तुमच्या मागे येतील.”

“येतील,” भावना म्हणाली. “मग दोन भरत्या होतील. एक मॅडमची, एक माझी. धक्क्यावर पहाटे उठून माणसाने कोणती मानायची?”

लोक पुन्हा हसले. दाढीवालाही मान हलवत हसला आणि बसला. विषय तिथे मिटला असता. भावनाने तो मिटवलाच होता, विनिताचं नाव न घेता, सहज, जसं कोणी वाटेतला दगड पायाने बाजूला सारावा. विनिताच्या मनात कृतज्ञता यायला हवी होती. आला तो मत्सरच, ताजा आणि धारदार: तिच्या जागी आपण असतो तर आपण नाव घेतलं असतं. नाव, तारखा, दुरुस्तीचा क्रमांक, सगळं.

अडतीस मिनिटं झाली होती. दोन मिनिटं राहिली की घंटेचा एक टोला द्यायचा असतो. विनिताने घंटा शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि ती उभी राहिली. शैलेशला वाटलं तिला माइक हवा आहे, तो धावत आला. तिने माइक घेतला नाही. मग घेतला, कारण तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही हे तिला माहीत होतं.

“माझ्याकडे अडकली होती,” ती म्हणाली.

मैना तिच्याकडे पाहत होती, वहीवर हात ठेवून. भावनाने डोळे मिटून घेतले होते, एखादी व्यक्ती नको ते ऐकायला लागू नये म्हणून मिटते तसे.

“दुरुस्तीत चूक नव्हती. पहिल्या आठ दिवसांनंतर मला ते माहीत होतं. मैनाबाई, तुमच्या दिराची होडी माझ्यामुळे बसली, तुमच्या काठीमुळे नाही. आणि तुमच्या प्रस्तावाला तीन मार्क मी दिले. तो तुमचा आहे हे मला माहीत नव्हतं. तो दुसऱ्या कोणाचा असता तरीही ते तीन चूकच होते.”

पुढचं वाक्य तिच्याकडे चौदा महिने तयार होतं. तिने ते रविवारी चहा करताना मनात म्हटलं होतं, कॉलेजच्या जिन्यावर म्हटलं होतं, आणि दर वेळी शेवटी ‘बघू’ जोडून परत ठेवलं होतं. आताही ते आत कडू लागत होतं. लोकांच्या नजरा तिच्यावरून भावनाकडे वळायला लागलेल्याही तिला दिसत होत्या, तिने ते वाक्य अजून उच्चारलं नव्हतं तरी.

“‘भरती’ची किल्ली आजपासून भावना नाखवाकडे आहे,” विनिता म्हणाली. “यापुढे काय चढवायचं आणि कधी, ते ती ठरवेल. मला विचारायची गरज नाही.”